बडोदा कॉलेजचे नाव आणि सयाजीराव महाराज

यंदाही मांडवात आरतीनंतर प्रसाद घेता घेता बोलणे तिकडेच वळणार हे ठरलेले. कुणाच्या नातवाला अमेरिकेत कुठे प्रवेश मिळाला, त्या विद्यापीठाचा यंदाचा क्रमांक किती, गेल्या वर्षी किती होता. आपल्या आजोबांच्या पिढीला असला तक्ता लागत नसे. बडोदा कॉलेज, एवढे दोन शब्द पुरत. विद्येच्या घराचे नाव कसे होते आणि कसे जाते, हे पाहायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. सयाजीराव महाराजांचे आयुष्य पुन्हा एकदा वाचले तरी पुरे. ते आपल्याला पाठ आहे खरे, पण बहुधा राजवाड्याच्या बाजूने. इथे ते कॉलेजच्या बाजूने सांगतो.

नाशिक जिल्ह्यातल्या कौळाण्याच्या काशीराव गायकवाडांचा हा मुलगा, गोपाळ. जन्म ११ मार्च १८६३. इंग्रजांनी मल्हाररावांना गादीवरून काढल्यावर खंडेराव महाराजांच्या पत्नी जमनाबाईसाहेबांनी २७ मे १८७५ रोजी त्याला दत्तक घेतले. बारा वर्षांच्या त्या मुलाला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हते. इलियटसाहेब शिकवायला आले, दिवाण सर टी. माधवराव कारभाराचे धडे देऊ लागले आणि २८ डिसेंबर १८८१ ला राज्याची सूत्रे महाराजांच्या हाती आली. पुढे याच राजाने १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. अक्षरओळख उशिरा झालेल्या माणसाची ती घाई असावी, असे मला तरी वाटते.

बडोदा कॉलेजही १८८१ चेच. चिझमसाहेबाने आखलेला तो घुमट विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देतो आणि आजही परगावचे पाहुणे त्याचाच फोटो काढतात. परीक्षा मात्र मुंबई विद्यापीठाच्या, पदवीही मुंबईची. म्हणजे बडोद्याला स्वतःचे असे नाव मिळवायचे तर ते शिकवणाऱ्यांच्या बळावरच. महाराजांनी ते ओळखले होते. केंब्रिजहून परतलेले अरविंद घोष १८९३ मध्ये राज्याच्या नोकरीत आले आणि पुढे कॉलेजात शिकवू लागले, उपप्राचार्यही झाले. कन्हैयालाल मुन्शी त्यांचे विद्यार्थी. बडोद्यातच वाढलेले विनोबा भावेही इथलेच. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून मुंबईच्या गाडीत बसले, सुरतेला उतरले आणि थेट काशीची वाट धरली. पदवीवाचून गेलेला विद्यार्थीही कॉलेजचे नाव करून जातो, हा एक गमतीचा भाग.

लहरीपुरा दरवाजाबाहेर सुरसागराच्या काठी मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ पासून चालू होती. १८९० मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांना हाताशी धरून महाराजांनी कलाभवन काढले. रंगकाम, चित्रकला, सुतारकाम, यंत्रकाम, आणि शिकवायचे ते लोकांच्या भाषेत. पुढे ज्यांना आपण चित्रपटसृष्टीचे जनक म्हणू लागलो ते दादासाहेब फाळके त्याच सुमारास इथे शिकून गेले. गज्जर मोठे रसायनतज्ज्ञ होते. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कुणी डांबर फासले, ते त्यांनीच काढून दाखवले. पण तोवर त्यांनी बडोदे सोडले होते. १८९६ मध्ये ते मुंबईला गेले. कलाभवन बंद पडले नाही, आज आपण ज्याला टेक्नॉलॉजी फॅकल्टी म्हणतो ती त्याचीच पुढची पिढी. परंतु गज्जरांच्या हयातीत त्या नावाभोवती जे वलय होते, ते बरेचसे गज्जरांबरोबर गेले.

याच काळात अमेरिकेतही हेच घडत होते. क्लार्क विद्यापीठ १८८९ मध्ये सुरू झाले, कलाभवनाच्या एकच वर्ष आधी. उत्तमोत्तम प्राध्यापक गोळा केलेले. मग संस्थापक क्लार्क आणि अध्यक्ष हॉल यांचे बिनसले, पैशाचा ओघ आटला. १८९२ मध्ये नव्या शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष हार्पर आले आणि निम्म्याहून अधिक प्राध्यापक घेऊन गेले. त्यांतल्या मायकेलसनना १९०७ मध्ये नोबेल मिळाले, तेव्हा नाव झाले ते शिकागोचे. शिकागोवरही तीच पाळी आली. जॉन ड्यूई १९०४ मध्ये तिथून निघून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९०९ मध्ये फ्रॉइडची व्याख्याने भरवून क्लार्कने जगाचे लक्ष एकदा वेधले खरे, पण आपल्या मांडवातल्या गप्पांत ते नाव आज कितीदा ऐकू येते?

महाराज १९०६ मध्ये आणि पुन्हा १९१० मध्ये अमेरिकेला गेले. तिथली ग्रंथालये पाहून त्यांनी न्यू हेवनच्या विल्यम बोर्डेन या ग्रंथपालालाच बडोद्याला आणले. तो १९१३ पर्यंत राहिला. लहरीपुऱ्यातून आत शिरून सरळ चालत गेले की मांडवीजवळ जी सेंट्रल लायब्ररी लागते, तिचा पाया त्याने घातला. गावोगाव फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्याही त्याच्याच. महाराजांनी आपले पुत्र जयसिंगराव यांना हार्वर्डला पाठवले. आणि १९१३ मध्ये दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन एका महार सुभेदाराच्या मुलाला कोलंबियाला पाठवले. भीमराव आंबेडकर तिथे ड्यूई आणि सेलिग्मन यांच्यापुढे बसले.

बडोद्याला स्वतःचे विद्यापीठ असावे हा विषय महाराजांच्या हयातीत निघाला होता. प्रा. विजरी यांच्या आयोगाने १९२७ मध्ये अहवाल दिला. प्राच्यविद्या मंदिरही त्याच वर्षीचे. विद्यापीठ मात्र झाले नाही. काशीच्या हिंदू विद्यापीठातले मोठे ग्रंथालय महाराजांच्या देणगीतून उभे राहिले आणि त्यांचे नाव लावून आहे, घरचे तेवढे राहून गेले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराज मुंबईत वारले.

ते काम नातू प्रतापसिंहरावांच्या काळात झाले, तेही अगदी शेवटच्या घटकेला. महाराजा सयाजीराव विद्यापीठ ३० एप्रिल १९४९ चे. दुसऱ्याच दिवशी, १ मे ला, बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता, दिवाण मनुभाई मेहतांच्या कन्या. त्यांनीही इमारतींआधी माणसे शोधली. १९५० मध्ये ललित कला विभाग निघाला, इंदूरचे आपले ना. श्री. बेंद्रे आले, शंखो चौधरी आले, मागून के. जी. सुब्रमण्यन आले. पाचपंचवीस वर्षांत बडोद्याचे चित्रकार म्हटले की देशभर मान वळू लागली. १९७१ मध्ये इथून बी.एस्सी. झालेल्या वेंकटरामन रामकृष्णन यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले. आपण पेढे वाटले, पण त्यांचे संशोधन घडले ते अमेरिकेत आणि इंग्लंडात.

एक हिशेब मात्र अजून मांडायचा राहिला. करार पाळायला डॉ. आंबेडकर सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यात आले. महाराजांनी त्यांना मोठ्या पदावर घेतले. कचेरीतल्या शिपायांनी कागद लांबून टेबलावर टाकले, पिण्याला पाणी दिले नाही. त्या कचेऱ्यांत गुजराती होते तसे आपल्या मराठी घरांतलेही पुष्कळ होते, हे आपण सहसा बोलत नाही. शहरात राहायला कुणी जागा देईना, म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. दोन मित्रांकडे विचारले, दोघांनी काही ना काही अडचण सांगितली. ज्या महाराजांनी सातासमुद्रापार या माणसाचा खर्च केला, त्यांच्याच राजधानीत त्याला एक खोली मिळाली नाही.

मुंबईची गाडी रात्री होती. तोवर ते कमाटीबागेत एका झाडाखाली बसून राहिले. १९५२ मध्ये कोलंबियाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. बागेतल्या त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात. कॉलेजच्या घुमटापासून ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे.