पाकिस्तानवर पुस्तक लिहिलं, पण बाबासाहेब नेमके कोणाच्या बाजूचे तेच लोकांना कळेना

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला झाला. त्याआधी हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात, आणि १९५४ मध्ये तर मध्य प्रदेश राज्यात होता. त्या वर्षी भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक लागली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. मतदारसंघ दोन जागांचा. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले, राखीव जागेवर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी बाबासाहेबांना हरवलं.

बाबासाहेबांचं इकडचं नातं सांगताना गाडी या पराभवावरच थांबते. पण वाद कसा घालावा, याबाबत हा माणूस त्या काळातल्या जवळपास सगळ्या पुढाऱ्यांपेक्षा वेगळा होता. ज्याचं म्हणणं खोडायचं, त्याचं म्हणणं आधी पूर्ण मांडायचं ही त्यांची सवय. आणि ती त्यांना महागात पडली.

जन्म १४ एप्रिल १८९१, महू. वडील रामजी सुभेदार. कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. लंडनला त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला आणि चलनाच्या मुद्द्यावर थेट केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाशी मतभेद मांडला. १९२३ मध्ये पुस्तक निघालं, त्याला प्रस्तावना लिहिली त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी. गंमत म्हणजे कॅनन यांना त्यातले बरेच मुद्दे पटले नव्हते आणि प्रस्तावनेत त्यांनी तसं लिहूनही टाकलं. शिष्याने ते तसंच छापलं.

पुढे १९३६. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं. भाषण आधी वाचून मंडळ घाबरलं, काही भाग गाळा म्हणालं. बाबासाहेबांनी नकार दिला आणि अधिवेशनच रद्द झालं. मग त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं. तेच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही पुस्तकात दिला, म्हणजे समोरच्याची अडचण काय होती ते वाचकाला त्याच्याच पत्रातून कळावं.

गांधीजींनी जुलै १९३६ मध्ये ‘हरिजन’मधून त्यावर टीका केली. पुणे करार होऊन चारच वर्षं झाली होती, दोघांमधला ताण काही गेला नव्हता. तरी १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींचे लेख छापले आणि त्यानंतर आपलं उत्तर. उत्तर चांगलंच झणझणीत आहे, हे सांगायला हवं. समोरच्याला नीट मांडणं म्हणजे त्याच्याशी गोड बोलणं, असा त्यांचा समज कधीच नव्हता.

पण या सवयीची खरी परीक्षा झाली १९४० मध्ये. मार्चमध्ये मुस्लिम लीगने लाहोरचा ठराव केला. देशात दोनच प्रतिक्रिया होत्या, जयजयकार किंवा शिव्या. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मात्र या मागणीचा अभ्यास करायचं ठरवलं. त्यातून डिसेंबर १९४० मध्ये ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ आलं.

त्याची रचनाच बघा. पहिला भाग, पाकिस्तानच्या बाजूने मुसलमानांचं म्हणणं. दुसरा भाग, पाकिस्तानच्या विरोधात हिंदूंचं म्हणणं. म्हणजे वेगळं राष्ट्र का हवं वाटतं, ते लीगच्या वकिलासारखं मांडलं. मग देशाची एकता मोडेल का, सैन्याचं आणि सरहद्दीचं काय, हे विरोधकांच्या बाजूने. पुढे सावरकर आणि गांधी यांचे पर्याय तपासले. सोबत लोकसंख्येचे जिल्हावार तक्ते आणि नकाशे. पंजाब आणि बंगाल जिल्ह्यांनुसार विभागावे लागतील हा हिशेब त्यांनी फाळणीच्या सात वर्षं आधी मांडला होता.

परिणाम काय झाला? दोन्ही बाजू इतक्या चोख उतरल्या, की लेखकाचं स्वतःचं मत काय अशी तक्रार टीकाकारांनी केली. १९४५ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांना त्यासाठी पाचवा भाग वाढवावा लागला. त्याआधी सप्टेंबर १९४४ मध्ये मुंबईत गांधी-जिना वाटाघाटी झाल्या, तेव्हा जिनांनी गांधींना लिहिलेल्या पत्रात या पुस्तकाचा हवाला दिला. जिनांना आंबेडकरांचा आधार घ्यावा वाटला, यातच पहिल्या भागाची पावती आली.

बाबासाहेबांचं मत सरळ होतं. एकत्र राहता आलं तर उत्तम, पण मुसलमानांचा पाकिस्तानचा आग्रहच असेल तर ते द्यावं. दुसरीकडे मुस्लिम समाजातल्या रूढींवरही त्यांनी याच पुस्तकात कडक टीका केली. त्यामुळे एका गटाने त्यांना फाळणीचा वकील ठरवलं, तर दुसरा गट आजही फक्त त्या टीकेची पानं फिरवतो. दोन्ही बाजू मांडल्या, तर वाचणारा आपल्या सोयीची एकच उचलतो. हा धोका त्यांनी पत्करला होता, पण त्याचा त्रास ६ डिसेंबर १९५६ नंतरही संपलेला नाही.

महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा आठवा खंड म्हणजे हेच पुस्तक, पाचव्या भागासकट. वाचायला घेतलंत तर पाचव्या भागापासून सुरुवात करू नका. आणि पहिल्या दोन भागांपैकी जो आपल्याला पटणार नाही असं वाटतं, तो आधी वाचा.