दामदुप्पटीचा सौदागर

अल्पावधीत पैसे दुप्पट करून देण्याच्या योजनेला आज जगभर 'पॉन्झी योजना' म्हणून ओळखले जाते. फसवणुकीच्या एका प्रकाराला आपले आडनाव कायमचे देऊन गेलेला चार्ल्स पॉन्झी हा इसम ३ मार्च १८८२ रोजी इटलीतील लुगो या गावी जन्मला. रोमच्या विद्यापीठात त्याने काही काळ घालवला, पण अभ्यासापेक्षा चैनीतच त्याचे मन अधिक रमले. घरची पुंजी संपल्यावर नशीब काढण्यासाठी नोव्हेंबर १९०३ मध्ये तो अमेरिकेत बोस्टनच्या बंदरावर उतरला, तेव्हा त्याच्या खिशात जेमतेम अडीच डॉलर उरले होते. उरलेली रक्कम बोटीवरच्या जुगारात गेली होती.

भांडी घासण्यापासून वाढप्यापर्यंत त्याने पडेल ती कामे केली. १९०७ मध्ये कॅनडातील माँट्रियल शहरी एका बँकेत त्याला नोकरी लागली. इतरत्र मिळणाऱ्या व्याजाच्या दुप्पट व्याज ही बँक इटालियन स्थलांतरितांना देत असे. हे व्याज नफ्यातून नव्हे, तर नव्या ठेवीदारांच्या पैशांतून दिले जात होते. बँक बुडाली, मालक पळाला. पॉन्झी मात्र ही युक्ती विसरला नाही. पुढे खोटा धनादेश वटवल्याबद्दल त्याला तुरुंगवास घडला. आईला त्याने पत्रातून कळवले, की आपल्याला तुरुंगाधिकाऱ्याच्या हाताखाली चांगली नोकरी मिळाली आहे.

१९१९ मध्ये स्पेनहून आलेल्या एका पत्रासोबत आंतरराष्ट्रीय टपाल उत्तर-कूपन त्याच्या हाती पडले. एका देशात विकत घेतलेले हे कूपन दुसऱ्या देशात टपाल तिकिटांसाठी बदलून मिळत असे. महायुद्धानंतर इटलीच्या चलनाचे मूल्य घसरले होते. तेथे स्वस्तात कूपने घ्यायची आणि अमेरिकेत ती महाग तिकिटांत बदलायची, हा हिशेब कागदावर बिनचूक होता. प्रत्यक्षात मात्र हजारो कूपने आणणे, ती बदलणे आणि त्या तिकिटांचे पुन्हा पैसे करणे अशक्यप्राय होते. पॉन्झीने त्या फंदात न पडता केवळ या कथेचे भांडवल केले.

जानेवारी १९२० मध्ये बोस्टनच्या स्कूल स्ट्रीटवर त्याने कंपनी थाटली आणि ४५ दिवसांत ५० टक्के नफा, ९० दिवसांत दामदुप्पट असे आश्वासन दिले. पहिल्या ठेवीदारांना मुदतीत पैसे मिळाले आणि त्यांच्या तोंडूनच फुकटची जाहिरात झाली. मजूर, दुकानदार, विधवा, इतकेच नव्हे तर पोलीसही रांगेत उभे राहिले. कित्येकांनी नफा न उचलता मुद्दलासह पुन्हा गुंतवला. जुलैपर्यंत दिवसाला दोन लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा होऊ लागली. पॉन्झीने आलिशान बंगला घेतला, एका बँकेवर ताबा मिळवला, आईला इटलीहून बोलावून घेतले. प्रत्यक्षात याची टोपी त्याच्या डोक्यावर घालण्यापलीकडे कोणताही धंदा चालू नव्हता.

'बोस्टन पोस्ट' या दैनिकाला संशय आला. अर्थविषयक पत्रकार क्लॅरन्स बॅरन यांनी साधे गणित मांडले. पॉन्झीचा दावा खरा असता, तर सुमारे १६ कोटी कूपने चलनात असायला हवी होती. प्रत्यक्षात होती ती अवघी २७ हजारांच्या आसपास. शिवाय इतरांना ५० टक्के नफा देणारा हा गृहस्थ स्वतःचा पैसा मात्र अन्यत्र ठेवीत होता. पैसे परत मागणाऱ्यांची झुंबड उडाली. पॉन्झीने गर्दीला कॉफी पाजली, हसतमुखाने रकमा परत केल्या आणि अनेकांचा विश्वास पुन्हा बसला. ऑगस्टमध्ये त्याच्या जुन्या तुरुंगवासाची बातमी छापून आली आणि १२ ऑगस्ट १९२० रोजी त्याला अटक झाली. ठेवीदारांना पुढे अनेक वर्षांनी मुद्दलाच्या जेमतेम एकतृतीयांशाच्या आसपास रक्कम मिळाली. 'पोस्ट'ला १९२१ चे पुलित्झर पारितोषिक लाभले.

जामिनावर सुटल्यावरही पॉन्झीने फ्लोरिडात दलदलीचे भूखंड विकण्याचा उद्योग केला. १९३४ मध्ये त्याची इटलीला रवानगी झाली. पत्नी रोझने १९३७ मध्ये घटस्फोट घेतला. १८ जानेवारी १९४९ रोजी ब्राझीलमधील रिओ दी जानेरोच्या एका धर्मादाय रुग्णालयात, दृष्टी अधू झालेल्या अवस्थेत, तो निर्धन मरण पावला.

माणूस गेला, युक्ती राहिली. वृक्षलागवड, शेळीपालन, आभासी चलन अशी वेशभूषा तेवढी बदलत गेली. भारतात १९७८ चा बक्षीस चिठ्ठी बंदी कायदा, महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा कायदा, त्यानंतर अनियंत्रित ठेव योजनांवरील २०१९ ची बंदी, असे उपाय योजावे लागले. तथापि कायदा बहुधा पैसे बुडाल्यानंतर कामी येतो. त्याआधी ठेवीदाराच्या हाती बॅरन यांचा प्रश्नच असतो. हा नफा नेमका कोठून येतो, आणि सांगितलेल्या धंद्यातून तो निघणे शक्य तरी आहे काय? शेजाऱ्याला वेळेवर मिळालेला हप्ता हे त्याचे उत्तर नव्हे. बोस्टनमध्येही पहिले हप्ते वेळेवरच मिळाले होते.