म्हाइंभट

वर्धा नदीच्या अलीकडे आपला वर्धा जिल्हा आणि पलीकडे वऱ्हाडचा मुलूख. आष्टीच्या बाजूने नदी ओलांडून मोर्शीकडे गेले, म्हणजे पुढे अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर नावाचे एक गाव लागते. जुन्या पोथ्यांत त्याचे नाव ऋद्धिपूर असे येते. पुष्कळ वर्षांपूर्वी शाळेतील मुलांना घेऊन मी तेथे गेलो होतो. गावात पाऊल टाकताच एका चुणचुणीत मुलाने येथील किल्ला कोठे आहे, असे मला विचारले. इतिहास म्हटला की किल्ला आणि लढाई एवढेच त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहत असे. मी त्याला वाजेश्वरी नावाच्या स्थानी घेऊन गेलो आणि सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वी येथे काय घडले, ते सांगू लागलो. तीच ही म्हाइंभटांची कथा.

गोदावरीच्या काठी सराळे नावाचे गाव होते. म्हाइंभट हे तेथील राहणारे. देवगिरीच्या यादवांचे राज्य तेव्हा भरभराटीत होते आणि विद्वानांना समाजात मोठा मान होता. म्हाइंभटांनी संस्कृत शास्त्रांचे सखोल अध्ययन केले होते. मीमांसा या कठीण शास्त्रात तर त्यांचा हात धरणारा विरळा. घरी संपत्तीही होती. विद्या आणि धन एकत्र आले की गर्व त्यांच्यामागून येतो; म्हाइंभटांच्या ठिकाणीही तो आला. पंडितांना वादात जिंकावे, त्यांना निरुत्तर करावे, यात त्यांना भूषण वाटू लागले.

त्याच काळी गोदावरीच्या परिसरात श्रीचक्रधरस्वामी नावाचे एक सत्पुरुष संचार करीत होते. ते मूळचे गुजरातचे. रामटेकच्या यात्रेला म्हणून ते घराबाहेर पडले, वाटेत ऋद्धिपुरास त्यांना श्रीगोविंदप्रभूंचे दर्शन घडले आणि त्यांच्या आयुष्याला निराळेच वळण लागले. पुढे ते गावोगाव पायी फिरत राहिले. त्यांच्याजवळ स्त्री-पुरुष असा भेद नव्हता, जातीचा उच्चनीचपणाही नव्हता. प्राणिमात्राला पीडा देऊ नये, असे ते सांगत. आणि हे सारे सांगत ते शास्त्र्यांच्या संस्कृतात नव्हे, तर शेतकऱ्याला आणि घरातील आजीबाईला समजेल अशा साध्या मराठीत. त्यांच्या अनुयायांचा जो लहानसा मेळा जमला, तोच पुढे महानुभाव पंथ म्हणून ओळखला जाऊ लागला.

अशा या पुरुषाशी वाद करण्याच्या हेतूने म्हाइंभट गोदावरीकाठच्या डोमेग्राम या गावी गेले. शास्त्रातील वचने त्यांच्या जिभेवर नाचत होती. पण स्वामींनी शांतपणे एकेक प्रश्न विचारला आणि म्हाइंभटांची उत्तरे संपत गेली. इतरांना निरुत्तर करणारा पंडित त्या दिवशी स्वतः निरुत्तर झाला. असा प्रसंग गर्विष्ठ माणसाला सहसा सोसवत नाही. म्हाइंभटांना मात्र त्यातून आपले अपुरेपण कळले. हा पराभव त्यांनी लपवला नाही. पुढे आपल्याच हाताने त्यांनी तो ग्रंथात नोंदवून ठेवला. आपली फजिती आपणच लिहून ठेवणारा चरित्रकार किती विश्वासू असेल, याचा विचार वाचकांनी करावा.

इ. स. १२७४ च्या सुमारास चक्रधरस्वामी आपल्या शिष्यांना सोडून उत्तरेकडे निघून गेले. मागे राहिलेल्या शिष्यांवर दुःखाचा डोंगर कोसळला. त्यांपैकी नागदेवाचार्य हे सर्वांचे आधार झाले. ते सर्वांसह ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंच्या सेवेत येऊन राहिले. सराळ्याचे घर आणि वैभव मागे टाकून म्हाइंभटही तेथे आले. आता त्यांच्या हाती भिक्षेची झोळी होती.

वाजेश्वरी येथे नागदेवाचार्य एकांतात बसून स्वामींच्या आठवणी मनाशी घोळवीत असत. म्हाइंभटांच्या मनात एक विचार आला आणि त्याने त्यांना अस्वस्थ केले. स्वामींना ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले, त्यांचे शब्द ज्यांनी कानांनी ऐकले, अशी माणसे ती किती? त्यांतील काही वृद्ध झालेली, काही दूरदूरच्या गावी विखुरलेली. आज ती आहेत. पण एकेक करून ती काळाच्या पडद्याआड जातील आणि त्यांच्याबरोबर त्या आठवणीही जातील. मग पुढे जन्मणाऱ्यांना स्वामी कसे होते, हे कोण सांगणार? म्हाइंभटांनी हा विचार नागदेवाचार्यांपुढे मांडला. आचार्यांनी तो मानला आणि स्वतःला जे ठाऊक होते ते सांगावयास प्रारंभ केला. आचार्यांनी सांगावे आणि म्हाइंभटांनी लिहून घ्यावे, असा क्रम कितीतरी दिवस चालला.

परंतु आचार्यांनाही सर्व काही ठाऊक असणे शक्य नव्हते. ज्या प्रसंगी ते नव्हते, त्या प्रसंगी दुसरे कोणी होते. तेव्हा ज्याने जे पाहिले त्यालाच ते विचारावे, असे ठरले आणि म्हाइंभट वाटेला लागले. त्या काळी प्रवास म्हणजे पायपीट. ऊन, पाऊस, नदीनाले, रानातली वाट आणि गावी पोचल्यावर मिळेल ती भिक्षा. कोणाकडे जावे तर त्याला वेळ नसे. एकदा तर आठवणी सांगणारा मनुष्य शेतकामात गुंतलेला होता; हातचे काम टाकून त्याला बसवेना. तेव्हा म्हाइंभट त्याच्याबरोबर शेतात चालत राहिले आणि काम चालू असताना त्याच्याकडून एकेक गोष्ट ऐकून घेतली, असे परंपरा सांगते. एके काळी भरल्या सभेत पंडितांना हरविणारा हा विद्वान शेताच्या ढेकळांतून एका शेतकऱ्याच्या मागोमाग चालला आहे, हे चित्र मला फार मोलाचे वाटते.

ज्यांना ज्यांना ते भेटले, त्यांत स्त्रियाही पुष्कळ होत्या. स्वामींच्या शिष्यपरिवारात बाइसा, महदाइसा, आउसा, उमाइसा अशा अनेक स्त्रिया होत्या. त्यांपैकी महदाइसा ही मराठीतील आद्य कवयित्री म्हणून प्रसिद्ध आहे. ती मोठी चौकस. स्वामींना ती सतत प्रश्न विचारी आणि तिच्या प्रश्नांमुळेच स्वामींची कितीतरी उत्तरे आज आपल्यापुढे आहेत. म्हाइंभटांनी या स्त्रियांच्या आठवणी पुरुषांच्या आठवणींइतक्याच आदराने टिपून घेतल्या.

आता एक अडचण पाहा. एकच प्रसंग दोघांनी पाहिला, तरी दोघे तो सारखाच सांगतील असे नाही. वर्गात काही घडले आणि मी दोन मुलांना विचारले, तर दोन निराळ्या हकिकती माझ्या कानी येतात, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. म्हाइंभटांपुढेही हाच प्रश्न होता. आपल्या मनाला रुचेल ते ठेवावे आणि बाकीचे गाळावे, हा सोपा मार्ग त्यांना दिसत नव्हता असे नाही. पण तो त्यांनी पत्करला नाही. प्रसंग कोणत्या गावी घडला, तेथे कोण कोण होते, कोणी काय विचारले, स्वामी काय बोलले, हे ते बारकाईने नोंदवीत. जमविलेला मजकूर ते नागदेवाचार्यांना दाखवीत आणि त्यांच्याकडून तपासून घेत. स्वामी एकटेच रानावनांत हिंडत होते, त्या काळाचा साक्षी कोण असणार? त्या काळातील प्रसंग स्वामींनीच पुढे शिष्यांना ओघाओघात सांगितले होते. म्हाइंभटांनी तेही शिष्यांकडून मिळविले आणि त्यांचा वेगळा भाग केला. त्यालाच एकांक म्हणतात. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध हे ग्रंथाचे पुढील दोन भाग.

अशा रीतीने इ. स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र हा ग्रंथ आकाराला आला. लीळा म्हणजे स्वामींच्या आयुष्यातील एकेक प्रसंग. अशा हजारांहून अधिक लीळा या ग्रंथात आहेत. मराठीतील हा पहिला गद्य चरित्रग्रंथ होय. ज्ञानेश्वरीची रचना यानंतर सुमारे बारा वर्षांनी, म्हणजे इ. स. १२९० मध्ये झाली. म्हाइंभटांना संस्कृतात पल्लेदार वाक्ये लिहिता आली नसती काय? खचित आली असती. पण स्वामी ज्या भाषेत बोलले, तीच त्यांनी ग्रंथासाठी घेतली. त्यांची वाक्ये आखूड, घरगुती बोलण्यासारखी आहेत. अलंकारांचा सोस त्यांत नाही. त्यामुळे त्या काळचे लोक काय खात, काय लेत, बाजारात कोणती नाणी चालत, वाटसरू कोठे उतरत, लोक कसे रुसत आणि कसे हसत, हे सारे त्या पानांतून आपल्याला दिसते. राजांचे शिलालेख अशा गोष्टी सांगत नाहीत.

गोविंदप्रभूंचे निधन इ. स. १२८७-८८ च्या सुमारास झाले. त्यानंतर म्हाइंभटांनी त्यांचेही चरित्र सिद्ध केले. गोविंदप्रभू हे ऋद्धिपूरकरांचे लाडके. ते मुलांत खेळत, कोणाच्याही घरी शिरत, वाटेल ते मागून खात. परंतु गावातील दुःखितांचा त्यांना कळवळा होता. मातंग लोकांना पाणी मिळत नव्हते. त्यांनी विनवणी केली, तेव्हा विहीर कोठे खणावी ती जागा प्रभूंनी दाखवून दिली, असा प्रसंग त्या चरित्रात आहे. म्हाइंभटांनी तो नोंदविला नसता, तर त्या विहिरीची गोष्ट आज कोणाला ठाऊक असती?

म्हाइंभटांचे कष्ट येथे फळाला आले, असे वाटते ना? पण पुढे एक भयंकर संकट ओढवले. चौदाव्या शतकाच्या प्रारंभी दिल्लीच्या सुलतानाच्या फौजा देवगिरीवर चालून आल्या. मुलखात धामधूम माजली. लोक जिवाच्या भीतीने रानोमाळ पळाले. त्या धावपळीत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली. ज्यांना प्रत्यक्ष विचारावे, ती माणसे तोवर बहुतेक निवर्तली होती. म्हाइंभटांना ज्याची भीती वाटली होती, तेच आता घडणार, अशी वेळ आली.

परंतु पंथातील काही जणांनी ग्रंथ अभ्यासून मुखोद्गत केला होता. त्यांत हिराइसा नावाची एक विदुषी होती. तिची स्मरणशक्ती इतकी तीव्र, की एकदा ऐकलेले ती विसरत नसे, असे सांगतात. तिच्या आणि इतरांच्या पाठांतरावरून ग्रंथ पुन्हा लिहून काढण्यात आला. वेगवेगळ्या जणांनी तो आठवला, म्हणून त्याचे वेगवेगळे पाठ निर्माण झाले आणि त्यांतील फरकही पुढील लेखकांनी प्रामाणिकपणे टिपून ठेवले. म्हाइंभटांची शिस्त त्यांच्यामागेही टिकली, ती अशी.

पुढे महानुभावांनी आपल्या पोथ्यांसाठी सांकेतिक लिप्या तयार केल्या. सकळा ही त्यांतील प्रमुख लिपी. अक्षरांची अदलाबदल करून लिहिलेले हे लेखन बाहेरच्या माणसाला मुळीच उलगडत नसे. आपले पवित्र ग्रंथ भलत्या हाती पडू नयेत, हा त्यामागील हेतू. पोथ्या मठांमठांतून सुरक्षित राहिल्या खऱ्या, पण उरलेल्या महाराष्ट्राला त्यांचा पत्ता सहाशे वर्षे लागला नाही. मराठी वाङ्मयाचे इतिहास लिहिले गेले आणि त्यांत म्हाइंभटांचे नावही नव्हते. याबद्दल कोणाला दोष द्यावा, हे ठरविणे सोपे नाही. लपविले म्हणून ते वाचले, हेही खरे. आणि लपविले म्हणून मराठी माणूस त्याला मुकला, हेही खरे.

इ. स. १९१० च्या सुमारास इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीचे कोडे उलगडले. महानुभाव महंतांनीही पुढे येऊन अभ्यासकांना पोथ्या दाखविल्या. नागपूरचे ह. ना. नेने यांनी १९३६ पासून लीळाचरित्र भागाभागाने छापून प्रसिद्ध केले. त्यानंतर शं. गो. तुळपुळे यांनी, आणि १९७८ मध्ये वि. भि. कोलते यांनी त्याच्या आवृत्त्या सिद्ध केल्या. कोलते हे विदर्भाचेच. नागपूर विद्यापीठाचे ते कुलगुरू होते. महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासात त्यांनी आयुष्य वेचले. पाठ कोणता खरा यावर वादही झाले, आणि जो ग्रंथ अनेकांच्या आठवणींतून पुन्हा उभा राहिला, त्याच्याबाबत ते होणारच. गोविंदप्रभूंच्या चरित्राचे इंग्रजी भाषांतर अमेरिकेतील विदुषी ॲन फेल्डहाउस यांनी केले आणि ते १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. मातंगांच्या त्या विहिरीची गोष्ट अशी समुद्रापलीकडे गेली.

म्हाइंभटांनी स्वतःविषयी फारसे लिहिलेले नाही. त्यांचे चित्र नाही. ग्रंथात ते येतात ते बहुधा प्रश्न विचारणारे म्हणून, किंवा डोमेग्रामला हरलेला पंडित म्हणून. वाजेश्वरीला पोचल्यावर किल्ला शोधणाऱ्या त्या मुलानेही मला हेच विचारले, की एवढे लिहिणाऱ्याने स्वतःचे काहीच कसे लिहिले नाही? मी काही बोललो नाही. तो मात्र परतीच्या वाटेवर बराच वेळ गप्प होता. ज्या ऋद्धिपुरात म्हाइंभटांनी लेखणी उचलली, त्याच गावी महाराष्ट्र शासनाने स्थापिलेल्या मराठी भाषा विद्यापीठाचे काम २०२४ मध्ये सुरू झाले.