गृहकलहाशी झुंजलेली चांदबीबी

अहमदनगरच्या, म्हणजेच आजच्या अहिल्यानगरच्या इतिहासात चांदबीबीचे नाव मोगलांशी लढलेली वीरांगना म्हणून आदराने घेतले जाते. मात्र तिच्या आयुष्याचा मोठा भाग परचक्रापेक्षा गादीसाठी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या स्वकीयांना आवरण्यात गेला.

हुसेन निजामशहाची ही कन्या. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईपूर्वी दख्खनच्या सुलतानांची एकजूट झाली, तेव्हा तिचा विवाह विजापूरच्या अली आदिलशहाशी झाला आणि सोलापूरचा किल्ला आंदण देण्यात आला. १५८० मध्ये अलीची हत्या झाली. नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम तख्तावर आला आणि त्याच्या पालनाची व राज्याच्या देखरेखीची जबाबदारी चांदबीबीवर पडली. सत्ताकांक्षी किश्वरखानाने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले. पुढे त्याची सत्ता उलथल्यावर तिची सुटका झाली.

माहेरची स्थिती याहून बिकट होती. १५८८ मध्ये तिचा भाऊ मुर्तजा निजामशहा याला त्याच्याच मुलाने, मिरान हुसेनने ठार मारले. पुढच्याच वर्षी मिरानचाही वध झाला. १५९१ मध्ये दुसरा भाऊ बुऱ्हाण स्वतःच्या मुलाला पदच्युत करून गादीवर बसला. १५९५ मध्ये तो वारला आणि त्याचा वारस इब्राहिम त्याच वर्षी विजापूरकरांशी लढताना पडला.

रोमन साम्राज्यात इ. स. ६९ मध्ये वर्षभरात चार सम्राट झाले. नगरमध्ये तर एकाच वेळी गादीचे चार दावेदार उभे राहिले. मियाँ मंजूने अहमद नावाचा, राजवंशातला असल्याबद्दल शंका असलेला मुलगा तख्तावर बसवला. इखलासखानाने मोती नावाचा मुलगा पुढे केला. अभंगखानाने वृद्ध शहाअलीचा पक्ष धरला. चांदबीबी मात्र मृत इब्राहिमच्या अल्पवयीन मुलाच्या, बहादूरच्या पाठीशी उभी राहिली. हे मूल तेव्हा जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यात अटकेत होते.

प्रतिपक्षाला शह देण्यासाठी मियाँ मंजूने अकबराचा मुलगा मुराद याला मदतीस बोलावले. घरच्या भांडणात बाहेरच्यास पंच नेमण्याचे जे फळ मिळते, तेच मिळाले. डिसेंबर १५९५ मध्ये मोगल फौजा नगरच्या किल्ल्याला भिडल्या. पश्चात्ताप झालेला मंजू तत्पूर्वीच अहमदला घेऊन निघून गेला होता. किल्ल्याची सूत्रे चांदबीबीने हाती घेतली.

मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. काहींचा सुगावा लागून ते निकामी करण्यात आले. पण फेब्रुवारी १५९६ मध्ये एकाचा स्फोट होऊन तटाला मोठे खिंडार पडले. चिलखत चढवून, चेहऱ्यावर बुरखा व हाती तलवार घेऊन चांदबीबी खिंडारात उभी राहिली. दिवसभर हल्ले परतवले गेले आणि रातोरात तट पुन्हा उभारला गेला. अखेर तह झाला. वऱ्हाड मोगलांना द्यावा लागला. बहादूरची गादी मात्र मान्य झाली.

तह झाला तरी दरबारातील गटबाजी संपली नाही. पेशवे बदलले, कारस्थाने चालूच राहिली. १६०० मध्ये शहजादा दानियालच्या फौजेने पुन्हा वेढा घातला. फितुरी व कलहाने पोखरलेल्या फौजेच्या बळावर किल्ला टिकणार नाही, हे चांदबीबीने ओळखले. किल्ला देऊन बालसुलतानासह जुन्नरला जावे, असा तिचा विचार होता. हमीदखानाने मात्र ती मोगलांना फितूर झाल्याची आवई उठवली. खवळलेला जमाव महालात शिरला आणि त्याने तिला ठार मारले. ऑगस्टमध्ये किल्ला पडला. बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले.

नगरच्या पूर्वेकडील डोंगरावरची तीन मजली अष्टकोनी वास्तू लोक चांदबीबीचा महाल म्हणून दाखवतात. वास्तविक ती निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. तरीही तिला चिकटलेले नाव चांदबीबीचेच आहे. ज्या नगरने तिच्यावर फितुरीचा आळ घेतला, त्याच नगरने पुढे तिचे नाव असे जतन केले.