रक्तक्षयाचे मूळ शोधणाऱ्या ल्यूसी विल्स

माहीमच्या कोळीवाड्यातील, दादरच्या चाळीतील वा परळ-लालबागच्या वस्तीतील गर्भवती स्त्रीने सार्वजनिक रुग्णालयात नाव नोंदवले की तिच्या हाती लोह आणि फॉलिक आम्ल यांची लाल गोळी पडते. ही गोळी इतकी स्वस्त आणि इतकी नित्याची झाली आहे की तिच्यामागे काही इतिहास असेल, असे ती देणाऱ्याच्या मनात येत नाही आणि घेणारीच्याही. तो इतिहास आहे. आणि त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण याच शहरात, परळच्या हाफकिन संस्थेत घडले. ते घडविणाऱ्या संशोधिकेचे नाव डॉ. ल्यूसी विल्स. वैद्यकाच्या ग्रंथांत ‘विल्स घटक’ या नावाने काही वर्षे ज्या द्रव्याचा उल्लेख होत असे, ते द्रव्य म्हणजेच आजचे फॉलिक आम्ल होय. रुग्णालयातील रोगी, त्यांचा आहार, त्यांची सांपत्तिक स्थिती आणि उपचारांचा परिणाम या चारही गोष्टी एकत्र मांडून निष्कर्ष कसा काढावा, याचा वस्तुपाठच या बाईंच्या आयुष्यात पाहावयास मिळतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही तो तितकाच उपयुक्त आहे.

ल्यूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमनजीक झाला. घराणे सुखवस्तू आणि विज्ञानाची आवड असलेले. चेल्टनहॅम येथील मुलींच्या महाविद्यालयात आणि पुढे केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र हे त्यांचे विषय होते. १९११ साली त्यांनी तेथील अभ्यासक्रम पुरा केला. परंतु केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना परीक्षेला बसू देई, पदवी मात्र देत नसे. हा अन्याय दूर व्हावयास १९४८ साल उजाडावे लागले. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. केपटाऊन येथे त्यांनी काही काळ परिचारिकेचे काम केले आणि मायदेशी परतल्यावर लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेतला. १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या. तथापि दवाखाना थाटून बसण्याकडे त्यांचा ओढा नव्हता. रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गरोदर स्त्रियांच्या रक्ताचा अभ्यास करण्याचे काम त्यांनी पत्करले.

गिरणगावातील प्रश्न

१९२८ हे साल मुंबईच्या कामगार चळवळीच्या इतिहासात गाजलेले आहे. त्या वर्षी सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. त्याच वर्षी मुंबईच्या कायदे कौन्सिलात प्रसूतिकाळी कामगार स्त्रियांना भत्ता द्यावा की नाही, यावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकाचा पुरस्कार केला आणि १९२९ साली मुंबई प्रांताचा प्रसूती भत्ता कायदा अस्तित्वात आला. देशातील या प्रकारचा तो पहिला कायदा.

नेमक्या याच काळात डॉ. मार्गारेट बाल्फोर या अनुभवी डॉक्टर बाई हाफकिन संस्थेत मातामृत्यूंच्या कारणांची चौकशी करीत होत्या. बाळंतपणात दगावणाऱ्या स्त्रियांपैकी कित्येकींना आधीच विलक्षण रक्तक्षय झालेला असे. रक्तातील तांबड्या पेशींची संख्या अतिशय घटलेली आणि उरलेल्या पेशी आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या, असे त्याचे लक्षण होते. या रक्तक्षयाचा उलगडा करण्यासाठी ल्यूसी विल्स यांना पाचारण करण्यात आले आणि १९२८ साली त्या मुंबईस आल्या. १९३३ पर्यंत त्यांचे वास्तव्य मुख्यतः येथेच होते. मधला काही काळ त्यांनी कुन्नूर आणि मद्रास येथे काम केले.

त्या वेळी डॉक्टरांसमोर अनेक तर्क होते. हा एखाद्या जंतूचा प्रताप असावा, असे काहींना वाटे. उष्ण हवामान, गर्भारपणी शरीरात साचणारे विष, अशीही कारणे सुचविली जात. वसाहतीच्या राज्यात आणखी एक सोयीचे स्पष्टीकरण नेहमीच हाताशी असे. ते म्हणजे येथील लोकांच्या चालीरीती आणि अज्ञान! विल्सबाईंनी यांपैकी कोणताच तर्क आधी गृहीत धरला नाही. प्रथम त्यांनी जंतुसंसर्गाची बाजू तपासली. ती टिकत नाही असे दिसल्यावर त्या आहाराकडे वळल्या. तळपदे यांच्या सहकार्याने त्यांनी मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीच्या परिस्थितीची पाहणी केली. ती १९३० साली प्रसिद्ध झाली. निरनिराळ्या समाजांतील आणि निरनिराळ्या आर्थिक थरांतील स्त्रिया काय खातात, किती खातात, भाजीपाला, फळे आणि दूध त्यांच्या वाट्याला किती येते, हे त्यांनी पाहिले. निष्कर्ष स्पष्ट होता. ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट, त्यांच्यातच हा रक्तक्षय सर्वाधिक होता. आणि त्यांत गरीब मुसलमान स्त्रियांची अवस्था सर्वांत वाईट होती. येथे धर्म हे कारण नव्हते. ताज्या भाज्या, फळे आणि दूध यांचा अभाव हे कारण होते, आणि तो अभाव दारिद्र्यातून आला होता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

उंदीर, माकडे आणि खाटेवरील रुग्ण

दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकविले जाते. निकृष्ट आहार घेणारी स्त्री दाटीच्या खोलीत राहते, तिला ऊन कमी मिळते, तिची बाळंतपणे लागोपाठ होतात. मग रक्तक्षयाचा दोष आहाराच्याच माथी का मारावा? या शंकेचे उत्तर केवळ पाहणीतून मिळणार नव्हते, हे विल्सबाईंनी ओळखले. १९२९ च्या उन्हाळ्यात त्या कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत गेल्या. आहारशास्त्रातील नामांकित संशोधक रॉबर्ट मॅकॅरिसन तेथे काम करीत होते. मुंबईतील गरीब स्त्रियांच्या आहारासारखा आहार त्यांनी पांढऱ्या उंदरांना दिला. उंदरांना रक्तक्षय झाला. आणि आहारात यीस्ट मिसळले असता तो टळला.

दुसरा एखादा संशोधक येथे विजय पुकारून मोकळा झाला असता. परंतु त्या उंदरांच्या अंगावर उवा असून त्यांच्यामुळे पसरणारा एक संसर्गही रक्तक्षय घडवितो, असे निष्पन्न झाले. याचा अर्थ प्रयोगाचा निकाल संशयास्पद ठरला. विल्सबाईंनी तो निकाल रेटून नेला नाही. हीच परीक्षा त्यांनी माकडांवर नव्याने घेतली. बिलिमोरिया यांच्यासह केलेला तो अभ्यास १९३२ साली प्रसिद्ध झाला. अपुऱ्या आहाराने माकडांतही तशाच मोठ्या पेशींचा रक्तक्षय उत्पन्न होतो, असे त्यात दाखवून देण्यात आले.

प्राण्यांवरील प्रयोग कितीही चोख असला तरी अखेरची कसोटी रुग्णाच्या खाटेपाशीच लागते. १९२६ साली अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी दुर्धर रक्तक्षयाचे रोगी यकृताच्या आहाराने बरे होतात, असे सिद्ध केले होते. त्या कार्याला पुढे नोबेल पारितोषिकही लाभले. यकृताचा अर्क मुंबईच्या रुग्णांनाही लागू पडे. परंतु तो महाग होता, आणि यकृत खाणे अनेकींना रुचणारे वा आचाराला धरून नव्हते. यीस्टपासून बनविलेला मार्माईट हा पदार्थ मात्र स्वस्त होता. दारूच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टपासून तयार होणारा, पावाला लावून खाण्याचा हा काळपट, खारट लेप इंग्रजांच्या न्याहारीत ठाऊक होता. औषध म्हणून त्याकडे कोणी पाहत नव्हते. विल्सबाईंनी तो रक्तक्षयाने खंगलेल्या गर्भवतींना दिला. रक्त तपासले असता काही दिवसांतच नव्या, कोवळ्या तांबड्या पेशींची संख्या वाढू लागल्याचे दिसले. हाडांच्या मगजातील बंद पडत आलेला कारखाना पुन्हा सुरू झाल्याची ती खूण होती. १९३१ च्या जून महिन्यात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि परळच्या प्रयोगशाळेतील काम जगभर पोहोचले.

१९३७ च्या अखेरीस त्या पुन्हा काही आठवडे मुंबईस आल्या. या खेपेस प्रश्न अधिक सूक्ष्म होता. दुर्धर रक्तक्षयावर गुणकारी ठरलेला यकृताचा शुद्ध केलेला अर्क मुंबईच्या या रुग्णांना लागू पडत नसे. पण तोच अर्क कच्च्या, अशुद्ध स्वरूपात दिला तर गुण येई. म्हणजे शुद्धीकरणात काहीतरी निघून जात होते आणि तेच येथील स्त्रियांना हवे होते. सारांश, दोन रक्तक्षय सूक्ष्मदर्शकाखाली सारखे दिसत असले तरी त्यांची कारणे भिन्न होती. त्या काळच्या ज्ञानाच्या मानाने हा तर्क फार पुढचा होता. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांपासून एक द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक आम्ल म्हणू लागले. लेडर्ले प्रयोगशाळेत, आंध्रात जन्मलेल्या येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली, ते कृत्रिम रीतीने तयार झाले. शुद्ध अर्कातील द्रव्य म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व, हे १९४८ साली उघड झाले. विल्सबाईंनी ज्याचा माग काढला होता ते दुसरे द्रव्य कोणते, याचे उत्तर अशा रीतीने मिळाले.

या शोधाच्या शाखा दूरवर पसरल्या. फॉलिक आम्लाच्या कार्यात अडथळा आणणारी औषधे रक्ताच्या कर्करोगावर उपयोगी पडतात, हे १९४८ साली दिसून आले. १९९१ साली सात देशांतील १,८१७ स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आधीच्या खेपेस मज्जारज्जूचे व्यंग असलेले मूल झालेल्या या स्त्रिया होत्या. गर्भधारणेच्या सुमारास फॉलिक आम्ल घेतल्याने ते व्यंग पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, असे त्यात सिद्ध झाले.

दुसऱ्या महायुद्धात ल्यूसी विल्स इंग्लंडमध्येच होत्या. शिधावाटपाच्या त्या काळात गरोदर स्त्रियांना सरसकट लोह द्यावे काय, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. काहींना लोह आणि काहींना तशीच दिसणारी निरौषधी गोळी देऊन त्यांनी तुलना केली. औषधाचा गुण आणि गुण आल्याचा भास यांत फरक करणारी ही पद्धत पुढे सर्वमान्य झाली. तेव्हा ती विरळाच होती. १९४७ साली त्या निवृत्त झाल्या. पण दक्षिण आफ्रिका आणि फिजी येथे जाऊन त्यांनी आहार आणि रक्तक्षय यांचा अभ्यास चालूच ठेवला. त्या अविवाहित राहिल्या. सायकलवर फिरावे, डोंगर चढावेत, आपले मत स्पष्ट सांगावे, असा त्यांचा स्वभाव होता. आयुष्याच्या अखेरच्या दशकात मजूर पक्षाच्या वतीने त्या लंडनमधील चेल्सी भागाच्या नगरसेविका होत्या. गरिबांच्या ताटात काय पडते याचा हिशेब प्रयोगशाळेत मांडणाऱ्या बाई नगरपालिकेच्या सभागृहात जाऊन बसल्या, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

गोळी आणि ताट

भारत सरकारने १९७० साली पोषणजन्य रक्तक्षयाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या सार्वजनिक आरोग्यसेवेत आल्या. त्यानंतर अर्धशतक लोटले. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५३ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ५७ टक्के भरले. गर्भवतींपैकी ५२ टक्के स्त्रिया त्यात मोडतात. मोजणीच्या पद्धतीविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, हे खरे; परंतु आकडा थोडाफार खाली आणला तरी त्यातील लाजिरवाणेपणा कमी होत नाही.

गोळ्या निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ कोणी करू नये. त्या लक्षावधी मातांना तारक ठरल्या आहेत. गोळ्यांचे वाटप आणि गोळ्यांचे सेवन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मात्र सरकारी अहवालांतील आकडे सांगत नाहीत. शिवाय रक्तक्षयाला लोहाची उणीव, फॉलिक आम्लाची वा ब-१२ ची उणीव, जंत, हिवताप, लागोपाठची बाळंतपणे अशी अनेक कारणे असतात. कोणत्या स्त्रीला कोणता रक्तक्षय झाला आहे, हे ओळखल्यावाचून एकच गोळी सर्वांना देत राहणे म्हणजे विल्सबाईंनी नव्वद वर्षांपूर्वी शिकविलेला धडा अर्धाच वाचण्यासारखे आहे. रुग्णालयांत रोज हजारो नोंदी होतात. परंतु त्या नोंदींतून रुग्ण कोणत्या वस्तीतील, तिची मिळकत किती, ती काय खाते आणि उपचारानंतर तिचे काय झाले, हा धागा सलगपणे क्वचितच जोडला जातो. तो जोडला तरच रुग्णालय हे ज्ञानाचेही साधन ठरेल.

मार्माईट खाऊन बरी झालेली परळची स्त्री रुग्णालयातून घरी गेली, तेव्हा तिच्यापुढे पूर्वीचेच ताट आले. त्या ताटातील उणीव भरून काढण्याचे काम प्रयोगशाळेचे नव्हते. मजुरीचे दर ठरविणाऱ्यांचे, भाजीपाल्याचे आणि दुधाचे भाव आवाक्यात ठेवणाऱ्यांचे, प्रसूतीच्या रजेचा कायदा अमलात आणणाऱ्यांचे होते. यंत्रमागावर, घरकामात, बांधकामावर राबणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांच्या हाती त्या कायद्याचा लाभ अद्याप पडत नाही. हा लाभ त्यांच्यापर्यंत पोहोचविणे आणि शिधापत्रिकेवर धान्याबरोबर डाळीची तरतूद करणे, या दोन गोष्टी शासनाच्या अधिकारातील आहेत. १९३० च्या त्या पाहणीने रोगाचे मूळ दाखवून दिले होते. त्यावर इलाज करण्यासाठी आणखी एखाद्या पाहणीची वाट पाहण्याचे कारण नाही.