गिअरचा नॉब आणि शेठ वालचंद

दिवाळीच्या सुट्टीत मी गासला घरी गेलो होतो. काकांच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या गिअरचा नॉब तडकला होता. हिचा गिअर खाली नसतो, स्टिअरिंगजवळ असतो. एवढा इंजिनिअरिंग शिकतोस, तर तूच बसव, असं काकांनी फर्मावलं. जुना नॉब उलटा फिरवून काढला, पण बाजारातून आणलेला नवा काही केल्या बसेना. आटेच वेगळे! शेवटी जुना नॉब नमुन्याला घेऊन लेथवाल्याकडे गेलो. त्याने नायलॉनचा तुकडा कातला, भोक पाडून टॅप मारला आणि अर्ध्या तासात हातात नॉब दिला.

घरी येताना वाटलं, नॉब इथे बनला, ठीक आहे; पण अख्खी मोटार इथे बनवायचं वेड कोणी घेतलं असेल? उत्तर मिळालं, वालचंद हिराचंद दोशी.

त्यांचा जन्म 1882 चा, सोलापूरचा. कॉलेज अर्धवट सोडलं (हे प्रिन्सिपॉल सरांनी वाचू नये!) आणि लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर रेल्वेची कंत्राटं घेतली. 1919 साली त्यांच्या सिंदिया कंपनीचं लॉयल्टी हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. तो दिवस 5 एप्रिल, म्हणून आजही तो राष्ट्रीय सागरी दिन आहे. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून त्यांना बुडवायचा प्रयत्न केला, पण हा माणूस टिकला.

1940 साली त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगलोरला विमानाचा कारखाना उभा केला. 1942 मध्ये सरकारने त्यांचे शेअर्स विकत घेतले आणि तो त्यांच्या हातून गेला. आज तीच कंपनी एचएएल. मोटारीच्या कारखान्याला तर इंग्रज सरकारने युद्धकाळात पाठिंबाच दिला नाही. तरी 1944 मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. क्रायस्लरचे सुटे भाग अमेरिकेहून यायचे आणि गाडी कुर्ल्यात जोडली जायची. म्हणजे सुरुवातीला बनवणं कमी आणि जोडणंच जास्त. पुढे फियाटशी करार झाला आणि हळूहळू भागही इथेच बनू लागले.

ते सगळं पाहायला वालचंद फार दिवस राहिले नाहीत. आजारपणाने अंथरुणाला खिळले आणि 8 एप्रिल 1953 ला गेले. पद्मिनी हे नाव तर 1974 चं. सांगलीच्या वालचंद कॉलेजला त्यांचंच नाव आहे, हेही आपल्यातल्या कितीजणांना माहीत असेल?

ते धंदेवाईक होते, नफा बघत होते, हे खरंच. पण अपुरं पडलेलं काम पुन्हा हातात घ्यायला नुसता नफा पुरत नाही, असं मला वाटतं.

2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी गेली. काकांची मात्र अजून चालते. आपण मात्र वर्कशॉपचा जॉबसुद्धा सीनियरकडून तयार मागून आणतो. यंदा मी माझा जॉब स्वतः कातणार आहे. आटे चुकले तर चुकले, पुन्हा कातेन!