तांब्याच्या तारेला कल्हई का करतात? उत्तर आहे कर्जात बुडालेल्या चार्ल्स गुडइयरच्या गोष्टीत

भोर किंवा वेल्ह्यातल्या एखाद्या जुन्या घराचं वायरिंग बदलायला काढलं, की लाकडी पट्टीतून काळी रबरी वायर निघते. रबर सोललं तर आतली तार चक्क चंदेरी. ॲल्युमिनियम असेल असं वाटतं, पण चाकूने खरवडलं की खाली तांबं दिसतं. वरचा थर कथिलाचा. आजीच्या पातेल्याला असायची तीच कल्हई.

पण तारेला कल्हईची गरज का पडली? त्यासाठी थेट अमेरिकेत जावं लागतं.

चार्ल्स गुडइयरचा जन्म २९ डिसेंबर १८०० चा, कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचा. फिलाडेल्फियातलं त्याचं हार्डवेअरचं दुकान बुडालं आणि कर्जापायी तुरुंगवारी सुरू झाली. १८३४ मध्ये त्याला रबराने झपाटलं. तेव्हाचं रबर उन्हाळ्यात वितळायचं आणि थंडीत तडकायचं. हे थांबवायचंच, असं त्याने ठरवलं. रसायनशास्त्राचं शिक्षण शून्य. प्रयोगशाळा म्हणजे बायकोचं स्वयंपाकघर, कधी कधी तर तुरुंगाची कोठडी.

एकदा यश हाताशी आलंय असं वाटलं. पोस्ट खात्याने रबरी टपालपिशव्यांची ऑर्डर दिली, पण उन्हाळ्यात त्या चिकट होऊन लोंबायला लागल्या. घरातलं सामान विकावं लागलं. काही मुलं लहानपणीच दगावली.

रबरात गंधक मिसळण्याची कल्पना त्याला नॅथॅनियल हेवर्डकडून मिळाली. १८३९ मध्ये तेच मिश्रण चुकून तापलेल्या शेगडीला लागलं. ते वितळलं नाही, चामड्यासारखं चिवट झालं! नेमकी किती उष्णता आणि किती वेळ, हे शोधण्यात आणखी काही वर्षं गेली. १८४४ मध्ये पेटंट मिळालं. ही प्रक्रिया म्हणजेच व्हल्कनायझेशन.

पुढे विजेच्या तारांना हेच रबर आवरण म्हणून आलं आणि नवी अडचण उभी राहिली. रबरातलं गंधक तांब्याला खातं. तार काळी पडते आणि तांब्याच्या संपर्काने रबरही लवकर खराब होतं. आवरण तडकलं की शॉक किंवा आग ठरलेली. मग मधे कथिलाचा थर आला. आंबट आमटी आणि पितळ यांच्यामध्ये कल्हई उभी राहते, तसंच हे.

मग आज वायर घेताना काय बघायचं?

घरगुती वायरला बहुतेक वेळा पीव्हीसीचं आवरण असतं. त्यात रबरासारखं गंधक नसतं, म्हणून साधं तांबं पुरतं. सततच्या दमट जागेत मात्र कल्हईचं तांबं जास्त टिकतं, आणि वेल्ह्याच्या पावसात दमट जागा शोधावी लागत नाही. उष्णतेसाठी मुलामा बदलतो. कथिल साधारण १५० अंश सेल्सिअसपर्यंत, चांदी २०० पर्यंत आणि निकेल २६० पर्यंत टिकतं. अर्थात, आवरणानेही तेवढी उष्णता सोसायला हवी. वायरच्या आतल्या तांब्यासाठी भारतीय मानक आहे आयएस ८१३०. त्यात साधं आणि कथिलाचं, दोन्ही तांबं बसतं.

एक फसवणूक मात्र ओळखायलाच हवी. बाहेर चंदेरी आणि आत तांबं असेल तर ती कल्हई. बाहेर तांबं आणि आत चंदेरी असेल तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. तेवढ्याच जाडीची ही तार तांब्यापेक्षा कमी वीज वाहते आणि जास्त तापते. म्हणून आयएसआय मार्क बघा आणि तारेचं टोक खरवडून बघा.

आणि गुडइयर? पेटंटच्या कोर्टकचेऱ्यांत त्याची कमाई गेली. पॅरिसमध्ये त्याला फ्रान्सचा मोठा सन्मान मिळाला, पण त्याच सुमारास कर्जापायी तिथेही तुरुंग पाहावा लागला. १ जुलै १८६० रोजी न्यूयॉर्कमध्ये तो गेला, तेव्हा डोक्यावर सुमारे २ लाख डॉलरचं कर्ज होतं. त्याच्या नावाची टायर कंपनी १८९८ मध्ये दुसऱ्याच माणसाने काढली, फक्त त्याच्या सन्मानार्थ.

एडिसनचं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झालं. घराघरांतल्या तारांवर चढलेलं आपलं रबर बघायला गुडइयर उरला नव्हता.